दोन ध्रुव, दोन वह्या: सागरी बर्फाची नोंद घरी कशी ठेवावी

२०१४ च्या सप्टेंबरअखेर नववीच्या वर्गातल्या एका मुलाने वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. बातमी जेमतेम चार ओळींची होती. अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाने विक्रम केला, पहिल्यांदाच तो दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. "बाई, बर्फ वाढतोय, मग पृथ्वी तापतेय असं पुस्तकात कसं?" प्रश्न रास्त होता. चिपळुणात भूगोल शिकवायला लागून मला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती आणि दोन्ही ध्रुवांवरचा बर्फ मी एकाच वाक्यात शिकवत आले होते. "उद्या सांगते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दिलेलं उत्तर अर्धवट होतं, हे मुलाला कळलं नसेल, मला कळलं. त्या रविवारी दोनशेपानी वही काढली आणि आकडे उतरवायला बसले. निवृत्त झाले तरी रविवार सकाळचा चहा अजून त्याच वहीवर होतो.

अशी वही ज्यांना ठेवायची आहे, विशेषतः भूगोलाचे शिक्षक आणि आठवी-नववीच्या मुलांचे आईवडील, त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते आहे. दोन वह्या, आलेखाचा कागद, पेन्सिल, मोबाइल आणि आठवड्याची वीस मिनिटं एवढं पुरतं. वह्या दोनच हव्यात. एकाच वहीत समोरासमोर दोन रकाने करून मी पहिली दोन वर्षं वाया घालवली. का, ते पुढे येईलच.

कुठला बर्फ मोजतोय?

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: सागरी बर्फ. म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून झालेला, पाण्यावर तरंगणारा थर. समुद्राचं पाणी खारट असल्याने ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. आधी पाण्यावर तेलकट दिसणारा स्फटिकांचा लगदा येतो, मग लाटांनी घुसळून त्याच्या गोल चकत्या होतात. कडा उचललेल्या त्या चकत्यांचा फोटो मी वर्गात दाखवला तेव्हा मुलींनी एका सुरात "आंबोळ्या!" म्हटलं. इंग्रजीतही त्याला पॅनकेकचंच नाव आहे. चकत्या एकमेकींना चिकटून सलग थर होतो.

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या जमिनीवर साचलेला, काही ठिकाणी तीन-चार किलोमीटर जाडीचा बर्फ वेगळा. तो हजारो वर्षांच्या हिमवृष्टीचा आहे, गोड्या पाण्याचा आहे. त्याचा तुकडा तुटून समुद्रात आला की हिमनग. बातम्यांमध्ये ही तिन्ही नावं सर्रास एकमेकांत मिसळतात. अमुक हिमनग तुटला म्हणजे सागरी बर्फ कमी झाला, असं होत नाही.

मुलांना हा फरक पाठ करायला लावू नका, दाखवा. एका पेल्यात पाणी घ्या, बर्फाचे खडे तरंगत ठेवा आणि पातळीवर पेनाने खूण करा. खडे वितळले तरी खूण हलत नाही. दुसऱ्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवून तिच्यात खडे ठेवा. ते वितळून खाली पडले की पातळी चढते. सागरी बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. जमिनीवरचा बर्फ वितळला की वाढते. मग सागरी बर्फाची काळजी कशाला, हा प्रश्न लगेच येईल. त्याचं उत्तर उत्तरेच्या वहीत आहे.

आकडा कुठून घ्यायचा

मी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथल्या नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटरचा आकडा घेते. तो रोज प्रसिद्ध होतो, फुकट असतो. त्यांचा एक आलेख बोटाने हलवता येतो. रेषेवर बोट ठेवलं की तारीख, त्या दिवसाचा बर्फ आणि त्याच तारखेची १९८१ ते २०१० ची सरासरी दिसते. सगळे आकडे एकत्र हवे असतील तर तक्त्याची फाइल उतरवून घेता येते. उत्तरेची वेगळी, दक्षिणेची वेगळी.

आकडा दशलक्षात असतो. ४.६० दिसलं की वहीत ४६ लाख चौरस किलोमीटर लिहायचं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण चाळीस मुलांच्या वर्गात दरवर्षी सात-आठ जण इथेच चुकतात, आणि मोठी माणसंही. लाखात लिहिल्याचा दुसरा फायदा असा की आपल्या मापाने तो आकडा तोलता येतो. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं ३ लाखांच्या थोडं वर. वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला हे दोन आकडे लिहून ठेवा, सतत लागतात.

फाइलमधला आकडा त्या एका दिवसाचा असतो, तर आलेखावरची रेषा पाच दिवसांची सरासरी घेऊन काढलेली असते. म्हणून दोन्हींत थोडा फरक दिसतो. कुठलाही एक घ्या, पण एकदा घेतला की वर्षभर तोच. मी आलेखाचा घेते. ढगाने किंवा उपग्रहाच्या हुकलेल्या फेरीने आकडा एखाद्या दिवशी उडी मारतो, ती पाच दिवसांत शमते.

ढग म्हणाले खरं, पण या मोजणीला ढगांचा अडथळा फारसा नाही, अंधाराचाही नाही. बर्फ आणि पाणी दोन्ही सूक्ष्मलहरी सोडत असतात, बर्फ जास्त आणि खुलं पाणी कमी. उपग्रह तेवढं मोजतो. त्यामुळे सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही नोंद खंडत नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निम्बस-७ या उपग्रहापासून ही मालिका सुरू आहे. १९८७ पर्यंत दिवसाआड मोजणी होती, पुढे रोज झाली. २०२५ मध्ये जुन्या अमेरिकी लष्करी उपग्रहांऐवजी जपानच्या उपग्रहावरचं एएमएसआर-२ हे उपकरण वापरायला सुरुवात झाली.

विस्तार आणि क्षेत्रफळ

इथे घाई करू नका. वहीत आपण जो आकडा लिहितो तो बर्फाच्या विस्ताराचा आहे, क्षेत्रफळाचा नाही.

आलेखाच्या कागदावर दहा चौकोन आखा. प्रत्येक चौकोन म्हणजे २५ किलोमीटर लांब, २५ किलोमीटर रुंद समुद्र, म्हणजे ६२५ चौरस किलोमीटर. आता पेन्सिलीने बर्फ रंगवा: चार चौकोन पूर्ण, तीन निम्मे, दोन एक पंचमांश, एक अगदी कोपऱ्यात दहावा भाग. विस्तार मोजताना नियम एकच, चौकोनात १५ टक्के किंवा जास्त बर्फ असेल तर सगळा चौकोन बर्फाचा धरायचा, नाहीतर शून्य. म्हणजे नऊ चौकोन. क्षेत्रफळ मोजताना खरा रंगवलेला भाग धरायचा. तो सहा चौकोन भरतो. एकाच समुद्राचे दोन आकडे, दोन्ही बरोबर.

मग ढोबळ विस्तारच का वापरायचा? उन्हाळ्यात बर्फाच्या वर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात. उपग्रहाला ती खुल्या समुद्रासारखी दिसतात आणि क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा कमी भरतं. विस्ताराच्या मोजणीला या तळ्यांचा फटका कमी बसतो. तुलना करताना मात्र एका बातमीतला विस्तार आणि दुसरीतलं क्षेत्रफळ शेजारी ठेवू नका. आणि दोन्ही आकडे जाडीबद्दल एक अक्षरही बोलत नाहीत, हे विसरू नका.

परातीचा प्रयोग

आता दोन वह्या का ते. स्वयंपाकघरातली मोठी परात घ्या, बोटभर पाणी घाला आणि त्यावर मूठभर चुरमुरे पसरा. ही उत्तर बाजू. परातीची कड म्हणजे रशिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड. मधे आर्क्टिक महासागर, आणि त्याच्याही मधोमध खुद्द उत्तर ध्रुव, खाली जमीन नाही, चार हजार मीटर खोल पाणी. एका बाजूने पंख्याने हलका वारा घाला. चुरमुरे समोरच्या कडेला जाऊन एकावर एक चढतात. ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्यावर आणि कॅनडाच्या बेटांवर नेमकं हेच होतं, म्हणून आर्क्टिकमधला सगळ्यात जाड बर्फ तिथे सापडतो. बाहेर जायची मोठी वाट एकच, ग्रीनलंड आणि स्वालबार यांच्यामधली फ्राम सामुद्रधुनी.

चुरमुरे फुगायच्या आत दुसरा भाग करा. परातीच्या मधोमध लोखंडी खल पालथा घाला. हा अंटार्क्टिका. चुरमुरे त्याच्याभोवती गोळा करा आणि खलाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला फुंका. ते पसरतच जातात. अडवायला कड दूर आहे; खऱ्या दक्षिण महासागरात तर ती नाहीच. तिथला बर्फ मोकळ्या समुद्रात, गरम पाण्याच्या दिशेने पसरतो आणि काठावर वितळतो.

उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र, दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन. हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतंच आणि मीही ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्याचा परिणाम बर्फाच्या वयावर, जाडीवर आणि वागण्यावर होतो, हे मात्र मला परातीपाशी उमगलं. ज्या मुलाने कात्रण आणलं होतं, त्यानेच "बाई, म्हणजे खालचा बर्फ टिकायला जागाच नाही" असं म्हटलं. बरोबर म्हणाला. दक्षिणेकडे हिवाळ्याच्या शेवटी सरासरी १८५ लाख चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला बर्फ फेब्रुवारीत सरासरी २८ लाखांच्या आसपास येतो. जवळपास सगळा बर्फ एका वर्षाचाच, एक-दोन मीटर जाडीचा. उत्तरेत मार्चमधला १५५ लाखांचा बर्फ सप्टेंबरात सरासरी ६२ लाखांवर येई, आणि उरलेला पुढच्या वर्षी अजून जाड होई. "येई" असा भूतकाळ लिहावा लागतो आहे.

उत्तरेची वही

ही वही ऑक्टोबरात सुरू करा, कारण सप्टेंबरच्या मध्याला तिथला बर्फ सगळ्यात कमी होतो आणि तिथून नवं वर्ष सुरू होतं असं समजायला सोयीचं पडतं. रकाने पाच: तारीख, विस्तार, त्या तारखेची सरासरी, फरक, शेरा. आलेखाच्या कागदावर सरासरीची रेषा आधी पेन्सिलीने काढून घ्या आणि दर रविवारी एक निळा ठिपका द्या.

मार्चच्या ठिपक्यापेक्षा सप्टेंबरच्या ठिपक्याला जास्त वजन द्या. हिवाळ्यात परात काठोकाठ गोठलेली असते, बर्फाला वाढायला जागा उरत नाही. फरक पडतो तो बॅरेंट्स, बेरिंग, ओखोट्स्क अशा कडेच्या समुद्रांत. म्हणून मार्चमधली घट दर दशकाला दोन-तीन टक्क्यांची, तर सप्टेंबरमधली सुमारे बारा टक्क्यांची आहे. तरीही २०२५ च्या मार्चमधला सर्वाधिक विस्तार १४३ लाखांवर थांबला, हा उपग्रहांच्या तोवरच्या नोंदीतला सर्वांत कमी हिवाळी उच्चांक.

नीचांक २०१२ चा आहे, सुमारे ३४ लाख. पुठ्ठ्यावरचा आकडा बघा: भारताएवढा बर्फ उरला होता, जिथे सरासरीने जवळपास दोन भारत असायला हवे होते. त्या ऑगस्टमध्ये एक मोठं वादळ आर्क्टिकवरून गेलं आणि आधीच विरळ झालेला बर्फ त्याने फोडला. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, नीचांक ५० लाखांच्या वर होता आणि "आर्क्टिकचा बर्फ वाढला" अशा बातम्या आल्या. हा सापळा ओळखायला शिका. विक्रमी वाईट वर्षाच्या पुढचं वर्ष बहुधा बरंच दिसतं. मुलांना मी सांगते, एकाला पस्तीस गुण पडले आणि पुढच्या परीक्षेत पन्नास, पण पूर्वी त्यालाच बासष्ट पडत होते. कशाशी तुलना करणार? २०१२ चा विक्रम २०२५ पर्यंत मोडला गेला नाही हे खरं, आणि २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षं सप्टेंबरातल्या नीचांकांच्या यादीत तळाची एकोणीस आहेत हेही खरं. दोन्ही गोष्टी वहीत एकाच पानावर लिहा.

विस्ताराच्या आकड्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे बर्फाचं वय. १९८५ च्या मार्चमध्ये आर्क्टिकमधला साधारण एक तृतीयांश बर्फ चार वर्षांहून जुना होता. आता तो पाच टक्क्यांच्याही खाली आहे. जुना बर्फ जाड, त्यातलं मीठ निथळून गेलेलं, उन्हाळा काढणारा. नवा बर्फ पातळ, पहिल्या उन्हाळ्यात जाणारा. माझ्या वहीत दर मार्चला एक शेरा असतो: "जाडी?" फक्त प्रश्नचिन्ह. विस्तार तेवढाच दिसला तरी आतून बर्फ पोकळ होत गेला आहे, याची ती आठवण.

आता तो राहिलेला प्रश्न, काळजी कशाला? ताज्या हिमाने झाकलेला बर्फ त्यावर पडलेल्या उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतो. उघडा समुद्र सहा-सात टक्के फेकतो, उरलेलं ऊन पिऊन टाकतो. बर्फ गेला की पाणी तापतं, पाणी तापलं की शरदात बर्फ उशिरा धरतो, उशिरा धरलेला बर्फ पातळ राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात लवकर जातो. आर्क्टिक प्रदेश गेल्या चार दशकांत जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्यामागे हे चक्र मोठं कारण आहे. पांढरं लुगडं आणि काळं लुगडं दुपारी अंगणात वाळत घालून दोन्हींवर हात ठेवा. चिपळूणच्या मे महिन्यात एवढं पुरतं.

दक्षिणेची वही

ही मार्चमध्ये सुरू करा. जानेवारी ते डिसेंबर असं पान आखलंत तर तिथला उन्हाळा मधोमध कापला जाईल, ऑक्टोबर-डिसेंबर एका पानावर आणि जानेवारी-फेब्रुवारी दुसऱ्यावर. माझी पहिली दोन वर्षं वाया गेली ती यामुळे. एकाच वहीत, एकाच पंचांगाने दोन्ही ध्रुव मांडले आणि दक्षिणेची वितळण मला नीट दिसलीच नाही.

मार्चपासून आखलेल्या कागदावर एक आकार स्पष्ट उमटतो. बर्फ सात महिने सावकाश वाढतो आणि पाच महिन्यांत भराभर वितळतो. डिसेंबरात तिथे सूर्य जवळजवळ मावळत नाही, बर्फ विखुरलेला असतो आणि चहूबाजूंनी मोकळं पाणी त्याला पोखरत असतं.

कात्रणाच्या प्रश्नाचं उत्तर या वहीत आहे, पण ते एका ओळीत मावत नाही. १९७९ पासून २०१४ पर्यंत दक्षिणेचा बर्फ किंचित वाढत होता, हे खरं होतं. तिथले पश्चिमी वारे जोरदार झाले होते, ओझोनच्या छिद्राचा त्यात हात होता. आता फेरेलचा नियम आठवा, दक्षिण गोलार्धात वाहणारी गोष्ट डावीकडे वळते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि बर्फ डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, खंडापासून दूर सरकतो. बर्फ पसरला, मागे रिकाम्या झालेल्या जागेत नवा गोठला. शिवाय अंटार्क्टिकाला वळसा घालणाऱ्या प्रवाहात खोलवरचं थंड, जुनं पाणी सतत वर येत राहतं, त्यामुळे पृष्ठभाग आर्क्टिकइतक्या वेगाने तापला नाही. पृथ्वी तापत होती, फक्त ती उष्णता दक्षिण महासागर पोटात घेत होता.

आणि ती वाढही सगळीकडे नव्हती. रॉस समुद्रात बर्फ वाढत होता, तर शेजारच्या बेलिंग्सहाउसन आणि आमुंडसन समुद्रांत तो घटत होता. एका अंकात दोन्ही मिसळून जातात. जमेल तर दक्षिणेच्या वहीत पाच विभागांची वेगळी पानं ठेवा: वेडेल, हिंदी महासागर, पश्चिम प्रशांत, रॉस, आणि बेलिंग्सहाउसन-आमुंडसन. हिंदी महासागर विभाग २० ते ९० अंश पूर्व रेखांशांमधला. आपलं भारती हे तळ ७६ अंशांवर, म्हणजे याच विभागात येतं; मैत्री साधारण पावणेबारा अंशांवर, म्हणून ते वेडेलच्या विभागात मोजलं जातं. नकाशावर दोन्ही ठिकाणी टाचणी लावली की मुलांना तो समुद्र आपला वाटू लागतो.

मग २०१६ उजाडलं. मी त्या सप्टेंबरापासून दर रविवारी ठिपका देत होते आणि दर रविवारी तो सरासरीच्या रेषेपासून अधिक खाली पडत होता. दिवाळीनंतर मला वाटलं मीच चुकीचा आकडा उतरवते आहे. तीन वेळा तपासला. नोव्हेंबरात दक्षिणेचा बर्फ सरासरीपेक्षा सुमारे १८ लाखांनी कमी होता. दोन वर्षांपूर्वी विक्रमी उंची गाठलेला तोच समुद्र. त्यानंतर रेषा पूर्वीच्या जागी टिकून राहिली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत नीचांक पहिल्यांदा २० लाखांच्या खाली गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत सुमारे १८ लाख. आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सर्वाधिक विस्तार १६९.६ लाखांवरच थांबला. १९८६ च्या जुन्या विक्रमापेक्षा दहा लाखांनी कमी, सरासरीपेक्षा साडेसतरा लाखांनी कमी. साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढा बर्फ भर हिवाळ्यात धरलाच नाही. त्या सप्टेंबरातला माझा ठिपका आलेखाच्या कागदावरच्या करड्या पट्ट्याच्या, म्हणजे बहुतेक वर्षं ज्या मर्यादेत राहिली त्याच्या, इतका खाली होता की कागदाला खालून पट्टी चिकटवावी लागली.

काय बिघडलं? पृष्ठभागावरचं पाणी जरा कमी खारट असतं तेव्हा ते हलकं राहून झाकणासारखं काम करतं, खालची उष्णता वर येऊ देत नाही. २०१५ नंतर तिथला पृष्ठभाग अधिक खारट होत गेल्याचं उपग्रहांच्या नोंदींत दिसलं. झाकण सैल झालं, पोटात साठवलेली ऊब वर आली. वाऱ्यांचाही वाटा आहे आणि कुणाचा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शेऱ्याच्या रकान्यात म्हणून मी कारण पेन्सिलीने लिहिते.

एक शेरा मात्र शाईने आहे. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउसन समुद्रातल्या एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत पिल्लं वाचली नाहीत. या पिल्लांना पाण्यात उतरण्याजोगी पिसं डिसेंबर-जानेवारीत येतात. बर्फ त्याआधीच पायाखालून फुटला. ही ओळ लिहिताना माझा हात थांबला होता. आकड्यांच्या वहीत अशी एखादी ओळ असू द्या.

बेरीज नको

दोन्ही वह्यांमधले त्याच दिवसाचे आकडे मिळवून "जगाचा बर्फ" काढायचा मोह होतो. २०१४ च्या सुमारास हीच बेरीज दाखवून काही लोक सांगत की उत्तरेचं नुकसान दक्षिणेने भरून काढलं, हिशेब बरोबर. सप्टेंबरात उत्तरेत उन्हाळा संपत असतो, दक्षिणेत हिवाळा. एकाच्या पावसाळ्यात दुसऱ्याचा उन्हाळा मिसळून सरासरी काढली तर कुठल्याच गावाचं हवामान हाती लागत नाही. प्रत्येक ध्रुवाची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या दिवसांशी करा.

वही हरवली, आकडे बदलले

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माझ्या खांद्याला लागेल एवढं चढलं. २०१४ ते २०१७ च्या वह्या खालच्या फडताळात होत्या. चिखलाचे गोळे झाले. गाळ उपसून झाल्यावर, सप्टेंबरात, फाइल उतरवून मी ती चार वर्षं पुन्हा लिहायला घेतली, आणि तेव्हा एक गोष्ट शिकले. एका मैत्रिणीकडे माझ्या पहिल्या पानाची झेरॉक्स होती. तिच्यात २०१२ चा नीचांक ३४.१ लाख, नव्या फाइलमध्ये ३३.९. कुणाची चूक नव्हती. मोजणीची रीत सुधारली की जुने आकडेही नव्याने मोजले जातात. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर आकडा कोणत्या दिवशी उतरवला ती तारीख लिहिते. शेवटच्या अंकावर जीव टाकू नका; ४६.० आणि ४६.१ मधला फरक बर्फाबद्दल काही सांगत नाही. वह्या आता माळ्यावर असतात.

पूर ओसरल्यावर बऱ्याच जणांनी मला विचारलं, "बाई, हे ध्रुवावरच्या बर्फामुळे का?" मी नाही म्हटलं. एका दिवसाच्या एका पुराचं कारण इतक्या दूर नेऊन बांधू नये. दुवा आहे तो अधिक नेमका आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की सैबेरियाच्या उत्तरेकडल्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मान्सूनच्या शेवटी, सप्टेंबरात, मध्य भारतात होणारा अतिवृष्टीचा पाऊस यांचा संबंध असू शकतो. तेव्हापासून उत्तरेच्या वहीत कारा समुद्रासाठी मी एक वेगळा रकाना ठेवला आहे. "असू शकतो" हे शब्द रकान्याच्या डोक्यावर लिहिले आहेत, मुलांना तेही वाचायला लावते.

सप्टेंबरचे पंधरा दिवस

वर्षभराच्या रविवारांपैकी एखादा चुकला तर चुकू द्या, पण सप्टेंबरात रोज बसा. उत्तरेचा नीचांक आणि दक्षिणेचा उच्चांक एकमेकांपासून थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात, तेव्हाच तेवढ्यापुरत्या दोन्ही वह्या शेजारी उघडायच्या. २०२३ मध्ये दक्षिणेचा उच्चांक १० सप्टेंबरला आला आणि उत्तरेचा नीचांक १९ तारखेला, गणेश चतुर्थीच्याच दिवशी. २०२५ मध्ये उलटं झालं, आधी १० तारखेला उत्तरेत ४६ लाख, मग १७ ला दक्षिणेत १७८.१ लाख.

तो दिवस त्या दिवशी ओळखता येत नाही. उत्तरेचा आकडा दोन दिवस वर गेला म्हणून नीचांक झाला असं समजू नका. वारा फिरला की बर्फाच्या कडा आत सरकतात आणि रेषा पुन्हा खाली येते. सगळ्यात खालच्या ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल करा, तारीख लिहा आणि पुढचे आठ-दहा दिवस आकडा सलग चढतो का ते बघा. दक्षिणेला याच्या उलट, सलग उतरतो का ते. आमच्याकडे साधारण गौरी-गणपती आटोपून पाहुणे गेले, घर शांत झालं, की मी दोन्ही गोल शाईने गिरवते.